पुस्तकात मेलेला कुक

पर्णिका शनिवारी सकाळी न कळवता उम्म अल कुवैनला आली, तेव्हा सुलभा मेसच्या मागच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या तिच्या घरून इथवर यायचं म्हणजे अख्खा दुबई-शारजाचा ट्रॅफिक पार करायचा. सुट्टीच्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत न उठणारी मुलगी अशी दारात उभी राहिली म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं धरूनच सुलभा उठली.

"घरी सगळं ठीक ना गं?"

"सगळं ठीक आहे. बाबा कुठेत?"

"आत पडलेत. काल रात्रीपासून गुडघा धरलाय."

चंद्रहास कोचरेकर पाय लांब करून पलंगावर पडला होता. सदुसष्ट वय, साखर, दोन्ही गुडघे गेलेले. इथल्या इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांना त्याने पस्तीसेक वर्षं जेवू घातलं होतं. आता हाताखाली दोन स्वयंपाकी होते, तरी आमटीची चव घेतल्याशिवाय तो डबे बाहेर जाऊ द्यायचा नाही.

पर्णिका त्याच्या पायाशी बसली. "बाबा, तुम्ही आजारी पडला होतात ती ग्रीक बोट. तिचं नाव एव्हान्थियाच ना?"

"एव्हान्थिया. का गो?"

"तिच्यावर थानासिस नावाचा कोणी होता?"

"थर्ड ऑफिसर होता." चंद्रहास उठून बसला. "पोरगेलासा होता. माझ्या गॅलीत, स्वयंपाकाच्या खोलीत येऊन बसायचा, मला इंग्लिश शिकवायचा. तुला कोणी सांगितलं?"

पर्णिका एका शिपिंग कंपनीत अकाउंट्समध्ये होती. तिथे महिन्याभरापूर्वी स्तेलिओस नावाचा ग्रीक माणूस आला होता. काल जेवताना तिने त्याला आईच्या हातचं माशाचं कालवण दिलं आणि सहज म्हणाली, माझे बाबा पूर्वी ग्रीक बोटीवर कुक होते. कुठल्या बोटीवर, म्हणून त्याने विचारलं. तिने नाव सांगितलं. स्तेलिओसचा घास हातातच राहिला.

"तो म्हणाला, इम्पॉसिबल. एव्हान्थियाचा कुक मेला. आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहितीये. आम्हाला तो धडा होता." पर्णिकाने बापाचा हात धरला. "बाबा, त्या थानासिसनं कादंबरी लिहिलीय. थानासिस वेलोनास. तिकडे खूप मोठा लेखक झाला तो. कादंबरीत तुम्ही आहात. चंद्रा नावाचा इंडियन कुक. आणि तुम्ही मरता."

चंद्रहास आधी हसला. मग त्याने सुलभाकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

त्या बोटीची हकिगत घरात सगळ्यांना माहीत होती, पण तुकड्यातुकड्यांनी. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, शहाऐंशी साल. वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचा चंद्रहास एव्हान्थिया या मालवाहू बोटीवर कुक म्हणून लागला. पुढे मालकाचं दिवाळं निघालं आणि बोट शारजासमोर नांगर टाकून पडली ती पडलीच. एजंट यायचा बंद झाला. पगार नाही, धड खायला नाही, पाणी गढूळ. महिने गेले. कॅप्टन पान्तेलिस थोराड, अबोल माणूस. मालकाशी संगनमत करून हा एक दिवस पळणार, अशी खलाशांची खात्री झाली होती. एकाच लाइफबोटीचं इंजिन चालत होतं, ती बोटीच्या कडेला बांधलेली असायची, आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा.

अशात चंद्रहासच्या पोटात दुखायला लागलं. ताप चढला. अपेंडिक्स फुटलं होतं, हे नंतर कळलं. रेडिओवर हाका मारून कॅप्टन दमला, कोणी आलं नाही. खलाशी लाइफबोट द्यायला तयार होईनात. गेली की परत येणार नाही, मग आम्ही काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ऑगस्टातल्या भर दुपारी, सगळे सावलीला निपचित पडलेले असताना, कॅप्टनने चंद्रहासला खांद्यावर टाकलं, शिडीवरून खाली लाइफबोटीत उतरवलं आणि दोर सोडला.

वाटेत डिझेल संपलं. वाहत वाहत ते उम्म अल कुवैनच्या खाडीपाशी लागले. पुढचं चंद्रहासला फारसं आठवत नसे. घामाने भिजलेला शर्ट, तंबाखूचा वास, आणि "मायिरा, मायिरा" अशा हाका. मायिरा म्हणजे त्यांच्या भाषेत कुक. शुद्धीवर आला तेव्हा तो हॉस्पिटलात होता आणि कॅप्टन कुठेच नव्हता. हॉस्पिटलात मरियमबी नावाची दापोलीकडची आया होती. ती म्हणाली, तुला आणणाऱ्या गोऱ्याला पोलीस घेऊन गेले, बिनकागदाचा उतरला म्हणून परत पाठवणार म्हणे त्याच्या मुलखात. मरियमबीने त्याला महिनाभर पेज भरवली. मग कोणाकोणाच्या मदतीने तो घरी गेला, आणि काही वर्षांनी याच गावात पोट भरायला परत आला.

"मग कादंबरीत काय आहे?" सुलभाने विचारलं.

पर्णिकाने फोनवर इंग्रजी पुस्तक उतरवून घेतलं होतं. ते पान ती वाचायला लागली, वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगत. लाइफबोट. ऊन. कुक पाणी मागतो. कॅप्टनकडे पाणी आहे, पण थोडंच. किनारा दिसतोय, पण जड बोट ओहोटीला पुढे सरकत नाही. कॅप्टन कुकच्या तोंडाकडे बघत नाही. त्याच्या काखेत हात घालतो, आणि कुकला वाटतं आपल्याला हा सावलीला नेतोय. पाण्यात पडताना तो "थँक यू, कॅप्टन" म्हणतो.

तिने फोन पालथा ठेवला.

"लाइफबोट खाडीच्या तोंडाशी रिकामी सापडली होती म्हणे," ती म्हणाली. "मासेमारांनी बोटीवरच्या लोकांना ते सांगितलं. त्यावरून त्यानं लिहिलं."

"चांगलं लिहिलंय," चंद्रहास म्हणाला. "थँक यू मी असाच म्हणायचो. कोणी शिवी दिली तरी."

"बाबा, त्या कॅप्टनचं आयुष्य खलास झालं. तुम्हाला कळतंय का?"

मग तिने वाचलेलं सगळं सांगितलं. थानासिस आणि कॅप्टन एकाच बेटावरचे. त्या बेटावर घरटी एक कॅप्टन, आणि पान्तेलिस त्यांच्यात मानाचा. त्र्याण्णव साली कादंबरी आली. कॅप्टनचं नाव बदललं होतं, पण बेटावर कोणाला ओळखायला वेळ लागला नाही. अर्धं बेट थानासिसवर उठलं. धक्क्यावर पुस्तकं जाळली, त्याच्या आईच्या दुकानाला डांबर फासलं, पाद्र्याने त्याला चर्चची पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं. उरलेलं अर्धं बेट कॅप्टनच्या दारावरून जाताना थुंकायला लागलं. कॅप्टन कोर्टात गेला. माणूस मी जिवंत सोडला, म्हणाला. कुठाय तो, विचारलं. त्याला काय माहीत. केस हरला.

थानासिस पुढे लिहीतच राहिला. प्रत्येक पुस्तकावर भांडण. सरकारचं एक बक्षीस त्याने घेतलं, दुसरं मंत्र्याला चार शब्द सुनावून परत केलं. कोणी त्याला देशद्रोही म्हणायचं, कोणी देशाची सदसद्विवेकबुद्धी. गेल्या वर्षी वारला, तेव्हा बेटावर पुरायला जागा दिली नाही. आणि आता तिथली नगरपालिका धक्क्यावर त्याचा अर्धपुतळा बसवायचं म्हणतेय, तर पुन्हा दोन तट.

"अजून एक," पर्णिका म्हणाली. "त्या पुस्तकाच्या पैशातून त्यानं एक फंड काढला. मालकांनी सोडून दिलेल्या बोटींवर अडकलेल्या खलाशांना जेवण पोचवतात. तीस वर्षं चाललाय. चंद्रा फंड नाव आहे त्याचं."

यावर मात्र चंद्रहासने मान वर केली. "जेवण पोचवतात? कुठे?"

"सगळीकडे. इथे सुद्धा. मागे शारजाला अडकलेल्या एका बोटीवर तांदूळ आणि पाणी गेलं त्यांचं."

स्वयंपाकघरात जाऊन त्याने आमटीची चव घेतली, मीठ कमी आहे म्हणून स्वयंपाक्यावर उगाचच ओरडला आणि परत येऊन पडला.

पर्णिका संध्याकाळी गेल्यावर सुलभाने त्याला चहा दिला आणि समोर बसली. "पुस्तक त्र्याण्णवला आलं म्हणे."

"हं."

"थानासिस आपल्याकडे आला तेव्हा पर्णिका पहिलीत होती. म्हणजे अठ्ठ्याण्णव."

चंद्रहासने चहाचा कप खाली ठेवला. "सोड ना गो."

"म्हणजे त्याला कळलं होतं, तुम्ही जिवंत आहात ते. बघून गेला, जेवून गेला."

"मी पोरीला काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. मेला बिचारा. मेलेल्या माणसाचं काय उकरायचं? चार उपाशी माणसांच्या तोंडात घास पडतोय त्याच्यामुळे. तो बंद पाडू?"

सुलभाला तो दिवस चांगला आठवत होता. थंडीचे दिवस, दुपार टळलेली. दाढी वाढलेला एक गोरा मेसच्या दारात येऊन उभा राहिला. हॉस्पिटलात चौकशी केली, मरियमबीने पत्ता दिला, म्हणाला. चंद्रहास बाहेर आला आणि त्या गोऱ्याने त्याला मिठीच मारली. मग तो खुर्चीवर बसून इतका रडला की जेवायला बसलेली माणसं ताटावरून उठून बघायला लागली. बांगड्याचं कालवण आणि भात तो हाताने जेवला. चंद्रहासचा हात स्वतःच्या गालाला लावून "सॉरी, मायिरा, सॉरी" म्हणत राहिला. लाइफबोट द्यायला तोही नाही म्हणाला होता, त्याबद्दल माफी मागतोय, असं चंद्रहास समजला. मग त्याने कॅप्टनचं विचारलं. थानासिस जरा थांबला आणि म्हणाला, गेला तो, झाली दोन वर्षं. त्या रात्री चंद्रहास जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मेसमध्ये सगळ्यांना गोड जेवण घातलं. कोणाचं, म्हणून कोणी विचारलं तर म्हणाला, माझ्या एका माणसाचं.

थानासिसने पुन्हा येईन म्हटलं होतं. आला नाही. पुस्तकाबद्दल तो अक्षरही बोलला नव्हता.

तीन आठवड्यांनी कॅप्टनची मुलगी आली. स्तेलिओसच्या आईची कोणी मैत्रीण तिच्या ओळखीची होती, तिथून बातमी पोचली होती. फोन न करता तिने पर्णिकाला निरोप पाठवला की विमानाचं तिकीट काढलंय, नाही म्हणू नका.

"एअरपोर्टवरून टॅक्सीनं आली?" चंद्रहास म्हणाला. "अडीचशे दिरहम तरी घेतले असतील. म्हणजे पावणेसहा हजार रुपये! पर्णिका, तू आणायचं नाहीस?"

"बाबा, त्या थांबल्याच नाहीत माझ्यासाठी."

कालियोपी त्रेसष्ट वर्षांची होती. बुटकी, पांढरे केस बारीक कापलेले, पायात साध्या चपला. प्रवासाने चेहरा सुजला होता. ती दारातच उभी राहिली आणि चंद्रहासकडे बघत राहिली. त्याने दोन्ही हात जोडले, मग काय वाटलं कोण जाणे, तिच्या भाषेत नमस्कार म्हणून "काली­मेरा" म्हणाला. तिचा हात तोंडावर गेला.

सुलभाने तिला बसवलं, पाणी दिलं. ती इंग्रजीत बोलत होती, अडखळत. पर्णिका मध्ये बसून दोन्हीकडे सांगत होती.

"मला लाज वाटते विचारायला," कालियोपी म्हणाली. "पण गेल्या तीस वर्षांत तीन माणसं आमच्याकडे येऊन म्हणाली, मीच तो कुक. एक तर पाकिस्तानी होता. मला... मला बघू द्याल?"

चंद्रहासला कळलं नाही. पर्णिका लाल झाली. "बाबा, ऑपरेशनची खूण."

"एवढंच ना." त्याने शर्ट वर केला. पोटावर उजव्या बाजूला वेडावाकडा, जाड झालेला व्रण होता, सुपारीएवढी गाठ मधोमध. घाईत, कशीतरी शिवलेली ती जखम. कालियोपीने वाकून पाहिलं. हात लावला नाही. मग खुर्चीत मागे टेकून तिने डोळे मिटले. रडली नाही. कितीतरी दिवस चालत आलेलं माणूस पहिल्यांदा बसावं, तशी बसली.

"पप्पा रोज म्हणायचे," ती म्हणाली. "जेवताना. मी त्याला जिवंत सोडला. हॉस्पिटलच्या दारात, हाताला धरून. आई म्हणायची, पुरे करा आता. तुम्ही वाचलात की नाही, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पोलिसांनी थांबू दिलं नाही. त्यामुळे छातीठोक बोलता यायचं नाही त्यांना. लोकांना वाटायचं, चाचरतोय म्हणजे खोटं बोलतोय."

"आणि तुम्हाला?" सुलभाने विचारलं. पर्णिकाने ते सांगायला जरा वेळ लावला.

"मी शाळेत शिकवत होते. तो धडा अभ्यासाला लागला तेव्हा मला शिकवावा लागला. मी शिकवला. मुलांना प्रश्न असायचा, कॅप्टनच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" नसलेला धागा चिमटीत धरावा तशी तिने बोटं चाळवली. "घरी येऊन मी पप्पांना वाढायचे. त्यांना धड्याचं माहीत होतं. त्यांनी मला कधी विचारलं नाही, तुझा विश्वास आहे का. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण माझा नव्हता. पूर्ण नव्हता."

चंद्रहास मान खाली घालून गुडघा चोळत होता.

"फार हाल झाले का त्यांचे, शेवटी?" त्याने विचारलं.

"शेवटची चार-पाच वर्षं घराबाहेर पडले नाहीत. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये गेले."

चंद्रहासचा हात गुडघ्यावरच थांबला. "कधी?"

"दोन हजार तीन."

त्याने सुलभाकडे पाहिलं. सुलभा आधीच त्याच्याकडे बघत होती. पर्णिकाला काहीच कळेना. "काय झालं, आई?"

"नाही," चंद्रहास म्हणाला. "चूक होतेय. शहाण्णवला गेले ते. मला सांगितलं..."

"कोणी सांगितलं?" कालियोपीने विचारलं.

तो मान खाली घालून पुन्हा गुडघा चोळायला लागला. नवऱ्याच्या शब्दाला एरवी सुलभाने मान दिला असता, पण समोर बसलेल्या बाईकडे बघून तिच्याने राहवेना.

"थानासिस आला होता इथे," ती म्हणाली. "अठ्ठ्याण्णव साली. याच खोलीत बसून जेवला. कॅप्टन गेला, असं त्यानं आमच्या तोंडावर सांगितलं. सांग गं तिला, पर्णिका. नीट सांग."

"आई, तू हे मला कधी..."

"आधी तिला सांग."

पर्णिकाने सांगितलं. कालियोपीने सगळं ऐकून घेतलं, मग तिच्या भाषेत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. चंद्रहासने ओळखलं. कॅप्टनही रेडिओपाशी बसून असंच पुटपुटायचा.

"तेव्हा अपील चालू होतं," ती म्हणाली. "अठ्ठ्याण्णवला. त्यानं एक शब्द टाकला असता. एक."

"मी शोधायला गेलो असतो त्यांना," चंद्रहास म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी विचारायचो. ग्रीक बोट लागली की बंदरात जाऊन विचारायचो, कॅप्टन पान्तेलिस कुठे असतात. हा येऊन गेला आणि मी विचारायचं सोडलं. जिवंत माणसाचं मी तेराव्याचं जेवण घातलं." तो उठायला गेला, गुडघ्याने दगा दिला, आणि पुन्हा खाली बसला. "माझा दोस्त होता तो. त्याला ताप आला तेव्हा मी रात्र रात्र बसलो होतो. असं कसं केलं त्यानं?"

सुलभा उठून आत गेली. पाहुणी उपाशी होती, म्हणून तिने पानं घेतली. कालियोपी वरण-भात चमच्याने थोडा थोडा खात राहिली आणि शेवटी म्हणाली, "हे साधं आहे. बरं वाटलं."

जेवणानंतर तिने पिशवीतून छोटा कॅमेरा काढला. तो धरायला ती संकोचत होती. "तुम्ही फक्त एवढं म्हणा की पप्पांनी तुम्हाला किनाऱ्यावर आणलं. बाकीचं नको असेल तर नको. फंड बंद पडावा, असं मला वाटत नाही. द्वेष करण्याएवढी ताकद आता माझ्यात उरलेली नाही."

चंद्रहासने नवा शर्ट घातला. कॅमेऱ्यासमोर बसून तो इंग्रजीत बोलला, जसं येत होतं तसं. मी चंद्रहास. एव्हान्थियाचा कुक. कॅप्टनने मला उचललं, खांद्यावर. उन्हात. पाणी सगळं मला दिलं, स्वतः प्यायला नाही. हॉस्पिटलमध्ये नेलं. मग तो थांबला. कालियोपी कॅमेरा बंद करायला पुढे झाली, तर त्याने हाताने तिला थांबवलं.

"थानासिस माझा दोस्त. तो माझ्या घरी आला, नाइन्टी एट. मला बघितलं. कॅप्टन मेला, बोलला. कॅप्टन जिवंत होता. का बोलला, मला माहीत नाही. फंड चालू ठेवा. बोटीवर भूक काय असते ते मला माहितीये. खलास."

कालियोपी दुसऱ्या दिवशी परत गेली.

पुढच्या महिन्यात काय काय झालं ते पर्णिका फोनवर सांगत राहिली. तिकडच्या टीव्हीवर व्हिडिओ दाखवला. दोन दिवस गदारोळ झाला. कोणी म्हणालं, थानासिसचा पुतळा समुद्रात टाका. कोणी म्हणालं, कादंबरी म्हणजे काय कोर्टातली साक्ष असते का, लेखकाने जग बदललं ते बघा. आणि पुष्कळ जण म्हणाले, हा माणूसच खोटा आहे. कॅप्टनच्या मुलीने दुबईतून कोणीतरी म्हातारा पैसे देऊन उभा केला. खऱ्या कुकच्या डोळ्यांत असा थंडपणा नसता.

"थंडपणा?" सुलभा म्हणाली. "मोतीबिंदू आहे तो."

पर्णिका चिडली होती. पासपोर्टची जुनी कॉपी काढू, हॉस्पिटलात रेकॉर्ड शोधू, वकील देऊ, असं म्हणत होती. एका ग्रीक वर्तमानपत्राचा माणूस तर थेट चंद्रहासच्या फोनवर आला. तुम्ही तेच आहात, हे सिद्ध करू शकता का, म्हणून विचारू लागला.

"हबीबी, मी दमलोय," चंद्रहासने त्याला सांगितलं. "तुम्हाला मेलेला कुक आवडतो तर तो ठेवा. कॅप्टनला मात्र सोडा."

फोन ठेवून तो भिंतीला टेकून बसला. सुलभा डब्यांची झाकणं पुसत होती.

"राग येतो का हो त्याचा?" तिने विचारलं.

"रागाला अंगात जोर लागतो गो." तो म्हणाला, "मी विचार करतो. इथे येईपर्यंत त्याला खरंच वाटत असेल, मी मेलो. माझ्यासाठी रडूनच लिहिलं असेल त्यानं ते. मग इथं आला नि बघतो तर मी कालवण वाढतोय. तेव्हा पुस्तक केवढं झालं होतं. फंड झाला होता. त्याला वाटलं असेल, हा एक म्हातारा कॅप्टन गेला तर गेला."

"तुम्ही त्याची बाजू घेताय."

"नाही. घेत नाही. तो मला सांगू शकला असता. पुस्तकाचं सांगितलं असतं, कॅप्टनचं सांगितलं असतं. मी काय केलं असतं? मी ओरडणारा माणूस आहे का? पण त्यानं माझं नाव घेतलं आणि मला विचारलं नाही. दोन्ही वेळा, पुस्तकाला आणि फंडाला."

नगरपालिकेने अखेर पुतळ्याचं काम पुढे ढकललं. रद्द केलं नाही. धडा पुस्तकात तसाच राहिला, पुढच्या आवृत्तीत तळटीप घालू असं कोणीतरी म्हणालं. फंडाच्या लोकांनी मात्र मोठ्या अदबीने विचारलं की, तुम्ही हयात आहात तर नाव तसंच ठेवायची परवानगी आहे का. चंद्रहासने पर्णिकाकडून उत्तर लिहून घेतलं: नाव काहीही ठेवा, पण तांदळाबरोबर थोडं मीठ, मिरची आणि कांदेही पाठवत जा. नुसता भात माणसाच्या घशाखाली फार दिवस उतरत नाही.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी कालियोपीचा फोन आला. व्हिडिओ कॉल होता. पर्णिका त्या दिवशी इथेच होती, तिने फोन भिंतीला टेकवून ठेवला. कालियोपीच्या मागे चर्चची पांढरी भिंत होती, वारा इतका की शब्द तुटत होते. वडिलांच्या नावाने आज प्रार्थना केली, असं तिने सांगितलं. पाद्री आधी कां-कूं करत होता, मग तयार झाला.

"लोक आले?" चंद्रहासने विचारलं.

"फार नाही. सात-आठ म्हातारे. एकजण दारापर्यंत आला आणि आत न येता परत गेला. तोही पूर्वी आमच्या दारावर थुंकायचा." ती हसली की वाऱ्याने तोंड वाकडं झालं, ते नीट दिसलं नाही. "आम्ही अशा वेळी गहू उकडून साखर घालून वाटतो. मी पुष्कळ केला होता. उरलाय."

"गहू आधी भिजवलात का रात्रभर?"

"भिजवला."

"मग उद्यापर्यंत टिकेल. पाणी निथळून ठेवा, ओला राहिला तर आंबेल."

तिने मान हलवली. मग म्हणाली, तुम्ही इकडे या एकदा, पप्पांच्या थडग्यावर या. चंद्रहासने गुडघ्यांकडे बोट दाखवलं, मग डोळ्यांकडे. "विमान नको. तुम्ही या. थंडीत या, इन्शाल्ला. तेव्हा इकडे बरं असतं."

"येईन," ती म्हणाली. दोघांनाही ते खरं होईल की नाही, माहीत नव्हतं. फोन तुटला. पर्णिका पुन्हा लावू लागली, तर चंद्रहास म्हणाला, राहू दे, तिलाही घरी जायचं असेल. मग तो भिंतीचा आधार घेत उठला. संध्याकाळच्या डब्यांना डाळ कमी पडेल असं सकाळपासून त्याला वाटत होतं, ते बघायला तो आत गेला.